मोटारीचा श्वास

पुण्याच्या पूर्वेस, सोलापूरच्या हमरस्त्यावरील यवत गांवापासून उत्तरेकडे वळलें म्हणजे मुळा-मुठेच्या पलीकडे काळ्या जमिनीचा एक सुपीक पट्टा लागतो. एका अंगास मुळा-मुठा, दुसऱ्या अंगास भीमा. रांजणगाव सांडसजवळ या दोन नद्यांचा संगम होतो. चारी बाजूंनीं पाणी नसलें तरी या भूभागाला लोक राहू बेटच म्हणतात, आणि राहू हें त्यांतील मुख्य गांव. ऊस हें येथील पीक व गूळ हा येथील जुना उद्योग. पावसाळ्यांत चिखल आणि हंगामांत धूळ, यांखेरीज तिसरा ऋतु तेथील कच्च्या वाटांना ठाऊक नाहीं. उसाची तोडणी सुरू झाली कीं भरलेल्या जोड-ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रात्रंदिवस जात असतात. त्यांच्यामागें जी धूळ उठते ती दोन्ही बाजूंच्या उसाच्या भिंतींमध्यें कोंडून बराच वेळ तरंगत राहते.

अशा ठिकाणच्या एका घराची कल्पना करावी. मुलगा पुण्यास शिकून परत आलेला; दारांत बाराशे सी. सी. ची पेट्रोलवर चालणारी मोटार उभी. मोबाइलवर चित्रें पाहून त्यानें कांहीं हजार रुपयांस एक वस्तु मागविली आहे. खोका उघडतांच आंतून चकचकीत अल्युमिनियमची वांकडी नळी, शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर, रबरासारखे सिलिकॉनचे जोड आणि चार क्लॅम्प निघतात. या सरंजामाला बाजारांत ‘कोल्ड एअर इन्टेक’ म्हणतात. वडील जवळ येऊन नळी हातांत घेतात.

“ह्यानं होणार काय रे?”

“आबा, इंजिनाला थंड हवा मिळते. गाडीचा पिकअप वाढतो.”

“आणि धुळीचं काय?”

मुलाजवळ उत्तर नसतें, कारण खोक्यावर तें छापलेलें नसतें. उभा जन्म ट्रॅक्टर आणि पाण्याचें इंजिन यांच्या सहवासांत काढलेल्या माणसानें बरोबर मर्मावर बोट ठेविलेलें असतें. तथापि मुलाचें म्हणणेंहि अगदींच पोकळ नव्हे.

इंजिन पेट्रोल खातें हें सर्वांस दिसतें, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. तें हवा किती खातें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचें वजन पाऊण किलोच्या आसपास असतें; म्हणजे एका लिटरमागें सुमारें ११ किलो हवा झाली. ही हवा डोळ्यांपुढें आणावयाची तर तिची व्याप्ति ९ हजार लिटरांहून अधिक भरते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा खोलींत मीटरभर उंचीपर्यंत जेवढी हवा राहते, तेवढी एका लिटर पेट्रोलच्या सोबतीला जाते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें, पण हवा ओढावी लागते. म्हणून इंजिनाची शक्ति किती, याचें उत्तर शेवटीं त्याच्या फुप्फुसाशीं येऊन ठरतें.

आतां थंड हवेची महती. हवा तापली कीं विरळ होते. दुपारीं छायेंत ३८ अंश असतांना बॉनेटखालील हवा ६० अंशांवर जाणें अशक्य नाहीं. या दोन हवांची तुलना केली तर बाहेरची हवा आंतल्या हवेपेक्षां सुमारें ७ टक्के घन भरते. तेवढ्याच जागेंत सात टक्के अधिक हवा, तितकें अधिक पेट्रोल, आणि जवळजवळ तितकाच अधिक जोर. गणित बिनचूक आहे. विकणारे हेंच गणित सांगतात.

तें सांगतांना ते एक गोष्ट मात्र वगळतात. बहुतेक आधुनिक मोटारी मुळांतच बाहेरची हवा घेतात. कारखान्यानें बसविलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीचें तोंड बहुधा पुढील जाळीपाशीं किंवा दिव्याच्या मागें काढलेलें असतें, आणि धांवत्या गाडीवर येणारी ताजी हवा तेथूनच आंत जाते. जे सात टक्के विकावयास ठेविलेले असतात ते मोटारीच्या मालकानें गाडी घेतांनाच विकत घेतलेले असतात. उलट बाजारांतील कित्येक संचांत नळी आंखूड असून फिल्टर बॉनेटखालींच, इंजिनाच्या कुशींत, उघडा बसतो. यवतच्या चौकांत वाहनांच्या गर्दींत दहा मिनिटें अडकलेली अशी गाडी नांवाला थंड आणि कर्माला गरम हवा ओढीत असते.

राहतां राहिला अडथळ्याचा प्रश्न. मूळ पेटींतील वळणें व कागदी फिल्टर हवेला थोडा अटकाव करितात; रुंद, गुळगुळीत नळी तो कमी करिते. परंतु हा लाभ इंजिन पूर्ण वेगानें फिरत असतांना आणि चालकाचा पाय तळाला टेकला असतांनाच कांहीं अंशीं जाणवावयाचा. एरवीं हवेच्या वाटेंतील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे थ्रॉटलची झडप, आणि ती चालक स्वतःच आपल्या पायानें अर्धवट मिटून धरीत असतो. दार किलकिलें असतांना अंगणाचें फाटक रुंद करून घरांत वारा अधिक येत नाहीं. तेवढाच जोर हवा असेल तर पाय रेसवर केसभर अधिक दाबला कीं काम भागतें.

याच संदर्भांत एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईहून पुण्यास येणारी साधी पेट्रोल मोटार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशे मीटर वर चढते, आणि तेवढ्यानें हवेचा दाब सुमारें सहा टक्क्यांनीं उतरतो. म्हणजे नळीवाले जेवढा लाभ देऊं म्हणतात, जवळजवळ तेवढीच तूट बोरघाट चढून येणारा प्रत्येक गृहस्थ निमूटपणें सोसतो, आणि घरीं पोंचल्यावर गाडी मंदावल्याची तक्रार कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं!

मग अशी नळी बसविलेल्यांना फरक जाणवतो तो कसला? आवाजाचा. मूळ पेटीला लागून पुष्कळदां एक बंद डबी जोडलेली असते. तिला रेझोनेटर म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां विशिष्ट सूर निघतो. एकोणिसाव्या शतकांतील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनीं या नादाचा सूक्ष्म अभ्यास केला. तीच किमया येथें उलटी वापरलेली असते: इंजिन हवा गिळतांना जो घोगरा नाद करितें तो ही डबी शोषून घेते. नवी नळी लावतांना डबी निघते, आणि दडपलेला नाद मोकळा होतो. पाय दाबतांच समोरून गुरगुर ऐकूं येते आणि मन म्हणतें, गाडी सुटली! कानांना हा आनंद खराच आहे, आणि तो कोणी हिरावूं नये. फक्त त्याला शक्ति म्हणूं नये.

डिझेलच्या टर्बो मोटारींची कथा थोडी वेगळी. टर्बो हवा दाबून भरतो आणि दाबलेली हवा तापते, कित्येकदां शंभर अंशांच्याहि वर. ती थंड करण्यासाठीं इंटरकूलर असतो. अशा गाडींत खरी थंड हवा तेथें तयार होते. तोंडाशीं नळी बदलून तीत फारशी भर पडत नाहीं.

आतां आबांच्या प्रश्नाकडे वळलें पाहिजे.

इंजिनाच्या सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्यें तेलाचा जो पडदा असतो त्याची जाडी मायक्रॉनांत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत मोजतात. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ नेमकी याच मापाची असते. नदीच्या वाळूचा कण हा बहुधा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. साध्या पोलादावर तो ओरखडा काढतो. असा कण तेलाच्या पडद्यांत शिरला म्हणजे इंजिनाच्या पोटांत पॉलिशकागद चालू लागतो. रिंगा झिजतात, दाब निसटतो, तेल जळूं लागतें, आणि लाख किलोमीटरनंतर यावयाचें म्हातारपण तारुण्यांतच येतें. यांत एकाएकीं कांहीं मोडत नाहीं, ही यांतली वाईट गोष्ट. ज्या दिवशीं निळा धूर दिसतो त्या दिवशीं नळीची आठवणहि कोणास राहिलेली नसते.

घड्या घातलेला साधा कागदी फिल्टर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक धूळ अडवितो. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हवेला मोकळी वाट देतो हें खरें, परंतु मोकळी वाट हवेला मिळते तशी धुळीलाहि मिळते. येथें टक्क्यांचा हिशेब फसवा असतो. समजा, एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवितो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकणाऱ्यास वाटतें, फरक दोनाचा. परंतु पहिल्यांतून शंभरांतील एक भाग आंत जातो, दुसऱ्यांतून तीन; म्हणजे इंजिनाच्या वाट्याला तिप्पट धूळ आली. पुण्याच्या डांबरी रस्त्यांवर ही तिप्पट कदाचित् पचूनहि जाईल. उसाच्या ट्रॉलीमागें रोज जाणाऱ्या गाडीस ती पचणार नाहीं.

मोकळा श्वास कीं स्वच्छ श्वास, हा वाद नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांचीं स्पिटफायर विमानें उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत लढावयास गेलीं, तेव्हां वाळूपासून इंजिन वांचविण्यासाठीं त्यांच्या नाकाखालीं व्होक्स नांवाचा मोठा फिल्टर बसवावा लागला. त्यानें इंजिनें टिकलीं, पण विमानांचा वेग घटला. आणि आकाशांत वेग घटणें म्हणजे काय हें वैमानिकांस सांगावयास नको होतें. पुढें इजिप्तमधील अबुकीर येथील दुरुस्तीच्या तळावर लहान आकाराचा फिल्टर तयार करण्यांत आला. पण प्राण पणास लागलेले असतांनाहि फिल्टर काढून टाकावा असें कोणी ठरविलें नाहीं. तो लहान व सुबक कसा होईल एवढेंच पाहिलें.

आबांना हें विमानांचें प्रकरण ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण जुन्या ट्रॅक्टरवरील तेलाची वाटी ते ओळखतात. हवा त्या वाटींतील तेलावर आपटून वळते. हलकी हवा वर निघून जाते, जड धूळ तेलांत अडकते. तोडणीच्या दिवसांत वाटी उघडली तर तळाशीं बोटभर चिखल बसलेला दिसतो. हा चिखल ज्यानें स्वतःच्या हातानें काढला आहे त्याला धूळ ही पुस्तकांतील गोष्ट वाटत नाहीं.

धुळीनंतर पाणी. शक्य तितकी थंड हवा मिळावी म्हणून कांहीं संचांत फिल्टर खालीं, चाकाच्या आडोशाला, बम्परच्या पोटांत नेऊन बसवितात. उन्हाळ्यांत ही जागा उत्तम. पावसाळ्यांत खडकवासल्यांतून पाणी सोडलें आणि मुळा-मुठा फुगली, कीं नदीकांठचे सखल रस्ते व फरशा पाण्याखालीं जातात. गुडघाभर पाण्यांतून गाडी काढतांना खालीं बसलेला फिल्टर बुडाला तर इंजिन हवेऐवजीं पाणी ओढतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. पिस्टन वर येतो, वाट मिळत नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. धूळ वर्षानुवर्षें जें काम करिते तें पाणी एका क्षणांत उरकतें. अशा वेळीं बंद पडलेलें इंजिन पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न करणें ही दुसरी आपत्ति. मूळ पेटीचें तोंड उंचावर आणि आडवळणानें काढलेलें असतें तें याचसाठीं.

म्हणजे ती काळी पेटी दिसावयास कुरूप असली तरी अनेकांच्या विचारानें बनलेली असते. राहूहून भीमा ओलांडली कीं शिरूर तालुका लागतो. त्याच तालुक्यांत रांजणगाव गणपतीच्या औद्योगिक वसाहतींत टाटा आणि फियाट यांच्या भागीदारींतून चालत आलेला मोठा कारखाना आहे, आणि तेथें मोटारींबरोबर इंजिनेंहि तयार होतात. १९६६ मध्यें स्थापन झालेली वाहनसंशोधनाची संस्था, ए. आर. ए. आय., पुण्याच्याच टेकडीवर आहे. शक्ति, आवाज, धूळ, पाणी आणि धूर या पांच जणांचें एकमत करून अशी पेटी निघत असते. बाजारची नळी त्यांपैकीं एकट्या शक्तीचेंच म्हणणें ऐकते.

कायद्याचा मुद्दाहि आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि याच आशयाचा निर्णय दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या फेरबदलास, दर फेरबदलामागें, पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हवेच्या नळीचा उल्लेख नोंदणीपत्रांत कोठें असतो, असें कोणी म्हणेल. पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या धुराच्या मर्यादा हवेच्या वाटेवरच अवलंबून असतात, आणि गाडी हमीच्या मुदतींत असेल तर बदललेली नळी पाहून कंपनीचा माणूस हात वर करण्याचा संभव असतो.

एवढें ऐकूनहि मुलाचा हट्ट राहिलाच, तर काम निदान नीट व्हावें. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. जुनी पेटी काढतांना तिच्यांतील सेन्सर कोणत्या जातीचा आहे हें आधीं पाहावें. कांहीं गाड्यांत तापलेल्या बारीक तारेवरून किती हवा गेली हें मोजतात. ही तार बोटानें शिवावयाची नाहीं, फडक्यानें पुसावयाची नाहीं. ती मूळच्या व्यासाच्या नळीसाठीं जुळविलेली असते. रुंद नळींत बसविली तर खरी हवा जास्त आणि मोजलेली कमी, आणि त्या चुकीच्या मापावर पेट्रोल सोडलें जातें. म्हणून सेन्सरच्या जागीं व्यास तोच असलेली नळी घ्यावी, मग ती कमी चकचकीत असली तरी चालेल. इंजिनाच्या पोटांतील वाफ परत नेणारी छोटी नळी जुन्या पेटीला जोडलेली असते. ती उघडी सोडून देण्याची खोड पुष्कळ मिस्त्र्यांना आहे. तिच्यावाटे फिल्टर न झालेली धूळ थेट आंत जाते, तेव्हां तिची जोडणी झाल्याशिवाय पैसे देऊं नयेत. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्यें पत्र्याचा आडोसा हवा आणि फिल्टरला बाहेरील हवेची वाट हवी. नाहींतर मघां सांगितलेल्या गरम हवेचाच लाभ व्हावयाचा. बम्परखालीं फिल्टर मुळींच नको.

क्लॅम्प बेताचे आवळावे; अति आवळल्यानें सिलिकॉन कापतो. सुती फिल्टरला तेल लावावयाचें तें हलक्या हातानें, कारण जादा तेल उडून त्याच तारेवर बसतें आणि गाडी अडखळूं लागते. मग इंजिन सुरू करून, गाडी जागच्या जागीं ठेवून कान द्यावा. कोठें शीळ ऐकूं आली तर जोड सैल आहे असें समजावें. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला तर गाडी बाहेर काढूं नये. अमेरिकेंतील ओक रिज प्रयोगशाळेनें २००९ मध्यें केलेल्या चांचणींत असें दिसलें कीं आधुनिक पेट्रोल मोटारींत फिल्टर तुंबला तरी पेट्रोल फारसें जास्त जळत नाहीं, गाडीचा वेग घेण्याचा जोर मात्र कमी होतो. तेव्हां ज्याला पिकअपचीच काळजी आहे त्यानें खरें म्हणजे आधीं जुन्या पेटींत कांहींशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर घालून गाडी आठवडाभर चालवून पाहावी. मागविलेला खोका तोंवर माळ्यावर राहिला तर बिघडत नाहीं.

नळी बसवलीच, तर जुनी पेटी तिच्या स्क्रूंसह जपून ठेवावी. हंगामांत हजार किलोमीटर झाल्यावर फिल्टरच्या पलीकडचा जोड सोडून, सेन्सरला धक्का न लावतां, नळीच्या आंतून पांढरें कोरडें फडकें फिरवावें आणि तें आबांना दाखवावें. फडक्यावर मातीचा पट्टा उमटला असेल तर जुनी पेटी त्याच दिवशीं परत बसवावी.